शिक्षणाचा हक्क : मुले घरातच शिकतात



जुलै-ऑगस्टात आडसाली लागणीच्या पाहणीस आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांना खुपते. मुलगा दप्तर घेऊन शाळेत जातो आणि त्याचीच बहीण बांधावर धाकट्याला सांभाळत बसते. विचारले तर उत्तर मिळते, "चार दिवसांचंच काम आहे, साहेब." पण हे चार दिवस लागणीला येतात, खुरपणीला येतात, पाहुणे आले की येतात. अभ्यास मागे पडतो आणि शेवटी शाळा कायमची तुटते.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हे मुलांना सांगावेच. पण मुले ऐकण्यापेक्षा बघून शिकतात. बहीण घरी राहिलेली पाहून मुलगा काय शिकेल? म्हणून धाकट्यास अंगणवाडीत घालावे. घरची कामे मुलगा-मुलगी दोघांत सारखी वाटावीत, तीही शाळेतून आल्यावर.

एका सरीला पाणी दिले आणि शेजारची कोरडी ठेवली, तर एकरी उतारा कसा पडणार?

— ऊस विकास अधिकारी