सोपाऱ्याची धम्मयात्रा : माणिकपूरहून एका दिवसाची वाट

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता सुट्टीत श्रीलंका, थायलंडकडे निघतात. अनुराधपूर, कँडी, तेथील सोनेरी समुद्रकिनारे पाहून आलेली मंडळी भरभरून बोलतात आणि ते ऐकताना आम्हांस आनंदच होतो. परंतु लंकेचा पहिला राजा विजय याचे जहाज लंकेस लागण्यापूर्वी सुप्पारक बंदरात उतरले होते, असे महावंस हा लंकेचा ग्रंथच सांगतो. ते सुप्पारक म्हणजे आपले सोपारा. वसई रोडनंतरचे स्थानक नालासोपारा, त्याच्या पश्चिमेचे गाव. शाळेच्या कार्यक्रमास येणारे पालक आणि माजी विद्यार्थी वसईचा किल्ला पाहतात, सुरुची बागेच्या किनाऱ्यावर बसतात आणि घरी परततात. सोपाऱ्याकडे क्वचितच कोणाचे पाऊल वळते. याची आम्हांस खंत आहे.

प्राचीन काळी सोपारा हे अपरांताचे मोठे बंदर होते. टॉलेमीसारख्या पाश्चात्त्य भूगोलकारांना ते ठाऊक होते. कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांच्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत. पुण्ण स्थविरांची कथा याच प्रदेशाची. सुनापरांतातील लोक उग्र आहेत, ते तुला शिव्या देतील, मारतील, असे भगवंतांनी म्हटले असता, प्रत्येक वेळी त्याहून वाईट काही केले नाही म्हणून मी त्यांना भलेच मानीन, असे पुण्णांनी उत्तर दिले आणि ते इकडे आले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे दूर गेली आणि बंदराचे गाव झाले.

गावाजवळच्या एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्पारक नावातले सूप आणि सूप विणणारा बुरूड यांची सांगड कोणीतरी घातली असावी, असे आम्हांस वाटते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी करंडक होता. त्यात विपस्सीपासून गौतमापर्यंतचे सात बुद्ध आणि भावी मैत्रेय अशा आठ लहान मूर्ती होत्या. त्यांच्या मधोमध तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशी एकात एक ठेवलेली पात्रे होती, सोन्याची फुले होती आणि अगदी आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. इतक्या मोलाच्या वेष्टनांत सर्वांत जपलेली वस्तू मातीची असावी, हे मुलांना आवर्जून सांगावे. हा ठेवा त्याच वर्षी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

त्याच वर्षी भाटेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषय प्रवासच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजेसाठी फिरत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांचे रूप बदलले. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील जनतेचे दर्शन आणि तिच्याशी धम्माची चर्चा हे त्याच्या धम्मयात्रेचे स्वरूप. मौजमजा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. समुद्र आम्हांसही प्रिय आहे. पण सहल कशी करावी हे ज्या दगडावर कोरले गेले तो आपल्या परिसरात सापडला आणि आपणच तेथे जात नाही, हे बरे नव्हे. आता तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

एका दिवसाची आखणी अशी करावी. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी सोपाऱ्याचा स्तूप गाठावा. आज तेथे विटांचा गोलाकार उंचवटा उरला आहे आणि वस्ती जवळ येऊन ठेपली आहे. भव्यतेची अपेक्षा ठेवून आलेल्याची निराशा होईल. म्हणून करंडकाची हकिकत मुलांना वाटेतच सांगून ठेवावी. विटांवर चढू नये, मेणबत्त्या त्यांच्यावर टेकवू नयेत.

दुपारी वसईचा किल्ला. १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेलेली वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. आतल्या पडक्या चर्चच्या कमानी पाहण्यासारख्या आहेत. अर्नाळा, राजोडी, कळंब हे किनारे याच दिवसात कोंबू नयेत. त्यांना दुसरी सुट्टी द्यावी.

संध्याकाळ मात्र भुईगावच्या किनाऱ्यासाठी राखावी. भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. लग्न, आजारपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांविषयी संयम हे खरे मंगल, असा त्याचा आशय. सुरूच्या सावलीत बसून हे मोठ्याने वाचण्यास दहा मिनिटे पुरतात. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि मुलांना खोल पाण्यात जाऊ देऊ नये. परतताना बाजारात वसईची सुकेळी मिळाली तर घ्यावीत. ती गावी पोहोचेपर्यंत टिकतात.