लिहिलेली आज्ञा आणि शाळेचे संकेतस्थळ

देवनारमधल्या दहा शाळांची संकेतस्थळे एकाच संगणकावर आहेत, असे समजा. ती २००३ साली सुरू झालेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर चालतात. तिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये असतो. पानांचे रूप 'थीम' ठरवते, तर वेळापत्रक, प्रवेश-अर्ज अशा जादा सोयी 'प्लगिन' पुरवते. दोन्ही म्हणजे फायलींचे संच. ते बसवायला दहा ठिकाणी तीच बटणे दाबावी लागतात आणि एखादे राहून जाते.

'डब्ल्यूपी-सीएलआय' या साधनात बटणांऐवजी आज्ञा टंकित करतात. उदाहरणार्थ, 'डब्ल्यूपी प्लगिन इन्स्टॉल' आणि पुढे प्लगिनचे नाव. अशा आज्ञा एका फायलीत ओळीने लिहिल्या की दहाही ठिकाणी तेच, त्याच क्रमाने घडते. प्रयोगवहीतल्या कृतीप्रमाणे ती दुसऱ्याला वाचता येते, तपासता येते.

पण चूक असेल तर तीही दहा वेळा होते! म्हणून आधी 'डीबी एक्स्पोर्ट'ने डेटाबेसची प्रत काढावी. चित्रे व इतर फायली तिच्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी घ्यावी. प्लगिन अद्ययावत करण्याच्या आज्ञेला 'ड्राय-रन' जोडले, तर काहीही न बदलता काय बदलेल एवढेच दिसते. मग एका चाचणी-प्रतीवर करून पाहावे. शेवटी 'व्हेरिफाय-चेकसम्स' ही आज्ञा प्रत्येक फायलीवरून काढलेली खूण वर्डप्रेसच्या भांडारातील मूळ खुणेशी ताडते. फायलीतले एक अक्षर बदलले तरी खूण जुळत नाही.

विद्यार्थ्यांच्या एका गटाकडून हा क्रम कागदावर लिहून घ्यावा आणि दुसऱ्या गटाला त्यातील चुका शोधायला सांगावे. संगणकाला हात लावण्याआधीच बऱ्याच चुका सापडतील.