भरतीरेषेपलीकडचा मुलूख

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यात राहणाऱ्या योलंगू लोकांचा मुलूख किनाऱ्याशी संपत नाही. पाण्याखालच्या खडकांना, वाळूच्या दांड्यांना नावे आहेत, गाणी आहेत, आणि कोणता भाग कोणत्या कुळाचा हे ठरलेले आहे. या मुलखाच्या राखणीसाठी तिथल्या मालक कुळांनी १९९२ मध्ये धिमुरू ही संस्था उभी केली.

तिच्या रेंजरांकडे पर्यटकांच्या परवान्यांपासून तण काढण्यापर्यंत सगळेच येते. अंगमेहनतीचे काम जाळ्यांचे. मासेमारी बोटींवरून तुटलेली किंवा टाकलेली नायलॉनची जाळी अराफुरा समुद्रातून कार्पेंटेरियाच्या आखातात शिरतात. त्यांना भुताची जाळी म्हणतात, कारण धनी गेला तरी मासे धरणे थांबत नाही. अडकलेल्या जिवांच्या भाराने जाळे बुडते, ते जीव कुजले की जाळे हलके होऊन पुन्हा वर येते. कोरड्या ऋतूत आग्नेयेचे वारे ती केप आर्नेमच्या पूर्वेकडच्या वाळूवर आणून टाकतात.

जाळे दिसले की आधी त्यात काही जिवंत आहे का ते पाहायचे. कासव, म्हणजे योलंगूंचे मियापुनु, असेल तर दोर बहुधा मानेत किंवा वल्ह्यासारख्या पुढच्या पायात रुतलेला असतो. ओढला की आणखी रुततो, म्हणून सुरी हळूच दोराखाली सरकवून एकेक पेड कापतात. अडकणाऱ्यांत ऑलिव्ह रिडले बरीच. कोकणात वेळासला अंडी घालायला येते तीच ही जात. नंतर जाळ्याची पाळी. वाळूत अर्धे गाडले गेलेले जाळे फावड्याने मोकळे करून, तुकडे पाडून गाडीच्या विंचने ओढावे लागते. टाकून देण्यापूर्वी आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, मोजतात, रंग आणि दोराचा पीळ नोंदवतात. त्यावरून मासेमारीचा प्रकार आणि साधारण मूळ कळते. जाळे पुष्कळदा आग्नेय आशियाच्या बोटींचे निघते. घाण कोणाची आणि उपसतो कोण!

योलंगूंचा समुद्रावरचा हक्क कायद्याने अर्धाच मान्य केला आहे. ३० जुलै २००८ रोजी ब्लू मड बे खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला हायकोर्टच म्हणतात) नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यात शिरायलाही मूळ मालकांची परवानगी हवी, असे ठरवले. ओहोटीच्या रेषेपलीकडे हा निकाल पोचत नाही. धिमुरूचे संरक्षित क्षेत्र मात्र पोचते: २००० मध्ये ते जाहीर झाले तेव्हा त्यात समुद्राचा थोडा भाग होता, २०१३ मध्ये तो पुष्कळ वाढवला गेला. तिथली गस्त बोटीने होते.