इन्व्हर्टरच्या बॅटरीत असते तरी काय?

गेल्या महिन्यात सभागृहात व्याख्यान रंगात आले असतानाच वीज गेली. इन्व्हर्टर सुरू झाला आणि दहा मिनिटांत बंद पडला. बॅटरीची झाकणे उघडली, तर पाणी प्लेटांच्याही खाली गेलेले. मध्यंतरी कुणीतरी, चांगल्या हेतूनेच, नळाचे पाणी ओतले होते असेही कळले. बॅटरी बदलावी लागली. म्हणून हा लेखप्रपंच.

टाकीत पाणी साठवावे तशी बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते. लागेल तेव्हा ती रासायनिक क्रियेतून तयार होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचा एक, असे सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या तपकिरी ऑक्साइडच्या प्लेटा पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. शिसे इलेक्ट्रॉन सोडायला तयार, ऑक्साइड ते घ्यायला तयार. पण आम्लातून इलेक्ट्रॉन जात नाहीत; तिथे फक्त आयन फिरतात. इलेक्ट्रॉनांना उरते ती बाहेरच्या तारेची वाट, आणि त्या वाटेवर आपला इन्व्हर्टर जोडलेला असतो. प्लेटा आतल्या आत एकमेकींना टेकल्या, तर क्रिया होतेच, पण तिची नुसती उष्णता होते.

बॅटरी उतरते तशी दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी होते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. सुट्टीत महिनाभर गावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चार्जिंगच्या शेवटी शेवटी थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातात. आम्ल मात्र आतच राहते. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, आम्लाची कधीच नाही. नळाच्या पाण्यातले क्षार, लोह आणि क्लोराइड प्लेटा खराब करतात. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात.

आणि हायड्रोजन पेट घेतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. देवघराखालच्या बंद कपाटात बॅटरी आणि वर तेवणारी समई, असे एका घरी मी स्वतः पाहिले आहे. बॅटरी हलवून गॅलरीत ठेवायला त्यांना अर्धा तास लागला.