यकृताला लगाम आतड्याचा

गैरसमज: पित्ताशय काढले की पित्त बनायचे थांबते.

खड्यांच्या ऑपरेशनआधी ही भीती बहुतेक घरांत बोलली जाते. पित्तरस बनतो यकृतात. पित्ताशय तो साठवते आणि दाट करते. ते काढल्यावर रस थेट आतड्यात उतरत राहतो. छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, ती सहसा जठरातल्या आम्लाची असते. पित्तरस उलट किंचित अल्कधर्मी असतो.

गैरसमज: तेलकट खाल्ले की यकृत त्यासाठी नवे पित्त बनवते.

चरबी पचवणारी पित्ताम्ले शरीरात असतात जेमतेम 2 ते 4 ग्रॅम. तोच साठा दिवसातून अनेकदा फिरतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे 95 टक्के आम्ले पुन्हा शोषली जातात आणि रक्तावाटे यकृतात परततात. शौचावाटे रोज साधारण अर्धा ग्रॅम जातो. तेवढीच भर यकृत कोलेस्टेरॉलपासून घालते.

भर किती घालायची, हे कुठे ठरते? मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. आतड्याच्या पेशींत एफएक्सआर नावाचे प्रथिन असते. ते पित्ताम्ले ओळखते, हे 1999 मध्ये कळले. शोषण भरपूर झाले की ते जागे होते आणि पेशी एफजीएफ19 हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते यकृतात पोहोचले की कोलेस्टेरॉलचे पित्ताम्ल करणारे मुख्य विकर, सीवायपी7ए1, कमी बनते. यकृताच्या पेशींतही एफएक्सआर असते. तेही हाच लगाम खेचते. लगाम हवाच, कारण पित्ताम्ले साबणासारखी चरबी फोडतात आणि अती साचली तर यकृताच्याच पेशींना इजा करतात.

गैरसमज: औषधाने पित्ताम्ले बाहेर काढली की यकृत ती कमी बनवते.

घडते उलटे. कोलेस्टिरामिन हे औषध आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते. ती परतली नाहीत की संदेश क्षीण होतो, यकृत जास्त पित्ताम्ले बनवू लागते आणि त्यासाठी रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेते. एलडीएल उतरते ते यामुळे.

क्रोन्स आजारात आतड्याचा तोच शेवटचा भाग काढावा लागला, तर न शोषलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्यात जातात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. पित्ताशय काढल्यावरही काहींना असा त्रास होतो. दोष तिखटाला देत बसू नका. डॉक्टरांना आधीचे ऑपरेशन आवर्जून सांगा. यावर औषध आहे.