समुद्राकाठची वाळवंटं (भाग ४) : धुक्यावर पोसलेला किनारा

मागच्या भागात चिलीच्या किनाऱ्यावरचा थंड हंबोल्ट प्रवाह पाहिला. त्याचाच भाऊबंद शोभावा असा बेंग्वेला प्रवाह आफ्रिकेच्या नैर्ऋत्य काठानं उत्तरेकडे वाहतो. नामिबियाच्या स्केलेटन कोस्टची, म्हणजे सांगाड्यांच्या किनाऱ्याची, सगळी कुंडली त्यानंच मांडली आहे.

इथला दक्षिणेचा वारा समुद्राचं वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. अटलांटिकवरची दमट हवा त्यावरून येताना, बर्फाचं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तशी, थेंबांत उतरते. पण ही हवा गार, म्हणून जड. शिवाय डोक्यावर उबदार, कोरड्या हवेचं झाकण. वर चढायची सोयच नाही. त्यामुळे धुकं उदंड आणि पाऊस वर्षाकाठी जेमतेम वीस मिलिमीटर, तोही पडला तर.

या धुक्यानं जहाजं खाल्ली. १९०९ मध्ये याच वाळवंटाच्या किनाऱ्यावर, बरंच दक्षिणेला रुतलेलं ‘एडुआर्ड बोलेन’ आज पाण्यापासून कित्येकशे मीटर आत, कोरड्या वाळूत उभं आहे. वाळू साचत गेली, समुद्र मागे हटला. १९४२ मध्ये ‘डनेडिन स्टार’ अडकलं. त्यावरचे सगळे वाचले. मेले ते मदतीला निघालेल्या टगबोटीवरचे दोघे, कारण तीही खडकांत फुटली. सुटकेला आलेलं विमानही वाळूत रुतलं. जॉन मार्श यांनी १९४४ मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आणि किनाऱ्याचं हे नाव रूढ झालं.

गंजक्या जहाजांची छायाचित्रं फार निघतात. मला तिथला काळा भुंगेरा जास्त थोर वाटतो. धुकं आलं की तो टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत थेट तोंडात. एका सकाळी तो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही पाणी पिऊ शकतो. दगडफूल तर नुसतं बसल्या जागी धुकं शोषतं. मात्र त्यावरून एकदा गाडीचं चाक गेलं की तो ओरखडा अनेक दशकं भरून निघत नाही.

वर येणारं गार पाणी तळाची पोषकद्रव्यंही आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर मासे, माशांवर सील. केप क्रॉसला त्यांची प्रचंड वसाहत आहे, आणि दुर्गंधीही त्याच मापाची. सीलच्या पिल्लांवर कोल्हे आणि तपकिरी तरस जगतात.

आणि सिंह. १९८० च्या दशकात इथले सिंह सील मारताना दिसत. पुढे आतल्या भागात पशुपालकांशी झालेल्या संघर्षात बरेच मारले गेले आणि किनारा सिंहांविना राहिला. ते परतले तेव्हा सील कसा मारायचा हे दाखवणारं जुनं कुणी उरलं नव्हतं. फिलिप स्टँडर यांनी २०१९ मध्ये नोंदवलं की तीन तरुण सिंहिणी पाणकावळे, रोहित पक्षी आणि सीलसुद्धा मारू लागल्या होत्या.

याच किनाऱ्यावर टोरा बे आणि टेरेस बेला हौशी मासेमार गळ टाकायला येतात. सीलला ओढून आणणारं गार पाणीच त्यांनाही इथवर आणतं, त्यामुळे वाळूवर गळवाल्यांच्या पावलांजवळ सिंहिणीचे पंजे उमटणं आता नवलाचं नाही.

पुढच्या भागात : वाळूच्या डोंगरांना उत्तरेकडे सरकू न देणारी कुइसेब नदी.