हुकमाचे पान ‘ळ’

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरची कित्येक मराठी नोकरदार कुटुंबे तेव्हा भोपाळला गेली आणि तिथलीच झाली. शाळा, बाजार, शेजार सारे हिंदी. मराठी उरली ती घरात.

अशा घरांना आम्ही शब्दपत्त्यांचा खेळ सुचवू. जुन्या लग्नपत्रिका कापून एका गठ्ठ्यावर अक्षरे, दुसऱ्यावर गाव, फळ, भाजी असे विषय लिहावेत. दोन्हींतले एकेक पान उलटायचे. जो आधी शब्द सांगेल, त्याची पाने. ‘क’ आणि ‘भाजी’ निघाली की आजी ‘कारले’ म्हणेपर्यंत नातू ‘करेला’ म्हणून मोकळा! मुलाच्या मनात आधी कोणती भाषा येते, ते या घाईतच कळते; परीक्षेच्या गुणांवरून नव्हे. रागावू मात्र नये. पाने तशीच मध्ये ठेवावीत, मराठी शब्द सांगेल त्याने उचलावीत.

‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून तो शब्दात कुठेही आला तरी चालावा. केळे, नारळ, जांभूळ. शाळेतल्या हिंदीत त्यांचे केला, नारियल, जामुन होते आणि ‘ळ’ गळतो. आपल्या सीमाभागात कन्नडमध्येही ‘ळ’ आहे, त्यामुळे आपल्या मुलांची जीभ एवढ्यापुरती तरी शाबूत आहे. भोपाळच्या मुलांसाठी गठ्ठ्यात ‘ळ’ची पाने एक नव्हे, चार घालावीत.